पाहुण्याला कुणी रागावत नाही

मॅडम,

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात तेव्हा खाली लग्न लागत होतं. डोंबिवली पूर्वेच्या त्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल तुम्ही बॅलेच्या क्लाससाठी घेतलेला. लग्नसराईत रविवारी सकाळी खालून मंगलाष्टकं, मसालेभाताचा वास आणि सनईची कॅसेट असं सगळं एकदमच वर यायचं. तुमच्या कॅसेटवरचा पियानो त्यात बुडून जायचा, पण तुम्ही टेपचा आवाज वाढवायचा नाहीत. "कान द्या, येईल ऐकू," एवढंच म्हणायचात. त्या दिवशी "शुभमंगल सावधान" झालं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या आवाजातच तुम्ही माझ्याजवळ येऊन बरगडीखाली बोटाचं पेर रुतवलंत आणि म्हणालात, "हे पोट कुणाचं आहे? तुझंच असेल तर उचल." तोवर महिनोन् महिने तुम्ही मला "अहो" म्हणत होतात.

खरं सांगायचं तर मी तुमच्याकडे नाच शिकायला आलेलोच नव्हतो, गुडघ्यासाठी आलेलो. कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात पोरगा चालायला लागला की कबड्डी खेळतो. मी पस्तिशी ओलांडेपर्यंत खेळलो, चढाई करणाऱ्यांत माझं नाव होतं, आणि एका सामन्यात वळताना उजवा पाय जागेवर राहिला आणि मी वळलो. ऑपरेशन झालं. कल्याणच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई रोज व्यायाम करून घ्यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "गुडघा बरा झालाय हो तुमचा. तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही." त्या स्वतः तुमच्या मोठ्यांच्या बॅचला यायच्या. त्याच मला घेऊन आल्या. मी ट्रॅक पँट आणि पायमोजे घालून दारात उभा, आत चार बायका आणि एक रिटायर्ड प्रोफेसर, भिंतीला लावलेला स्टीलचा लांब पाइप धरून गुडघे वाकवत होते. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "कबड्डी का?" मी हो म्हटलं. "दिसतंच आहे. कायम कुणाच्या तरी अंगावर धावून जाणार असल्यासारखे उभे आहात." तेव्हापासून तुमच्या तोंडी माझं नाव कबड्डीच, आधी "अहो कबड्डी".

घरी मी सांगितलं, व्यायामाचा क्लास आहे. पण मोहन्यात अशी गोष्ट किती दिवस लपणार? आईने एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "कं रं, म्हातारपनी पोरींचा नाच शिकतस?" बायको हसून हसून ओट्याला टेकली. मग म्हणाली, "जाऊ दे आई, रविवारी सकाळी घरात कटकट तरी नाही." मी नदीकाठच्या पंपिंग स्टेशनवर पंप ऑपरेटर होतो, शिफ्टची नोकरी. तिथली पोरं मला बघितलं की पंज्यांवर चालून दाखवायची. मला त्याचं फार वाटलं नाही. मला लागायचं ते दुसरंच.

मी लवकर यायचो. मोठ्यांच्या आधी तुमची लहान मुलींची बॅच असायची आणि मी चपलांच्या रॅकपाशी बसून ती बघायचो. काय रागवायचात तुम्ही त्या मुलींना! "मान कुठे ठेवलीस, घरी?" "हा पाय आहे की दप्तर? ओढत आणू नकोस." एखादी रडायची, तुम्ही थांबायचात, ती नाक पुसायची, आणि तुम्ही तीच चूक पुन्हा दाखवायचात. मग त्या जायच्या, आम्ही आत यायचो, आणि तुमचा चेहराच बदलायचा. "छान. छान. मजा येतेय ना?" प्रोफेसर उलट्या दिशेने वळले तरी छान. माझा गुडघा आत पडला तरी छान. कबड्डीत आमचे गुरुजी मैदानाबाहेरून अशा शिव्या घालायचे की शेजारच्या गावाला ऐकू जाव्यात. मी त्यांच्यासाठी खेळलो. तुमच्या "छान"ने मी दर रविवारी थोडा थोडा लहान होत होतो.

शेवटी एका रविवारी सगळे गेल्यावर मी थांबलो. तुम्ही कॅसेट डबीत ठेवत होतात.

"मॅडम, तुम्ही मला कधी रागावत नाही."

"कशाला रागवू? तुम्ही छान करता."

"मी छान करत नाही."

तुम्ही डबी बंद केलीत. "नाही करत," म्हणालात. "पण तुम्ही मोठी माणसं. नोकऱ्या, संसार सांभाळून येता. पाहुण्याला कुणी रागावतं का?"

"मग मला घरचा करा."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. तुम्ही डबी पिशवीत टाकलीत. मग तुमच्या त्या स्वच्छ, पुणेरी मराठीत म्हणालात, "घरच्या माणसाला भांडी घासावी लागतात. नंतर तक्रार करायची नाही." पुढच्याच रविवारी खाली ते लग्न लागलं.

आता वाटतं, मी काय मागत होतो ते मला कळलंच नव्हतं. तुम्ही मला पाइपच्या मधोमध उभं करायला लागलात, आरशासमोर, जिथून पळता येत नाही. कबड्डीवाला माणूस पुढे झुकलेला असतो, नजर समोरच्याच्या पायांवर, वजन पंज्यावर. तुम्हाला सगळं उलटं हवं होतं. टाचा जुळलेल्या, गुडघे बाहेर, पाठ ताठ, नजर लांब. "तू जमिनीशी भांडतोयस. तिने काय केलंय तुझं?" असं म्हणायचात. मी घामाने भिजायचो. तुम्ही एका चुकीवर थांबायचात आणि ती सुटेपर्यंत पुढे जायचा नाहीत, बाकीचे नुसते उभे. डॉक्टरीणबाई एकदा मध्ये पडल्या, "मॅडम, जरा हळू, त्यांचा गुडघा..." तुम्ही त्यांना म्हणालात, "तुम्ही दवाखान्यात बघा त्याचा गुडघा. इथे मी बघते." त्यांना तुम्ही "तुम्ही"च म्हणायचात. मी ते लक्षात ठेवलं. दुखायचं, पण घरी जाताना मी रिक्षात ताठ बसायचो.

तुमच्याबद्दल आम्हाला फार माहिती नव्हती. लहानपणी मुंबईत एका परदेशी बाईंकडे शिकलात, तुमचे वडील त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीत टायपिस्ट होते, एवढं तुमच्या वहिनींनी सांगितलेलं. भावाच्या माघारी तुम्ही आणि वहिनी दोघीच राहायचात. एकदा मी विचारलं, "मॅडम, स्टेजवर नाचला नाहीत का कधी?" तुम्ही म्हणालात, "त्या बाई मायदेशी गेल्या तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नंतर मला सांगणारं कुणी राहिलं नाही." मी त्या वेळी हे उत्तर नुसतं ऐकून घेतलं.

मग वार्षिक कार्यक्रम आला. कल्याणचं नाट्यगृह घेतलेलं. तुमच्या सगळ्या मुलींमध्ये एकच खरी तयार होती, एकोणीस वर्षांची, लहानपणापासून तुमच्याकडे शिकलेली. तिच्यासाठी तुम्ही दोघांचा एक नाच बसवलेला. तिच्याबरोबर नाचायला मुंबईहून एक मुलगा यायचा. त्याला कुठेतरी बाहेर काम मिळालं आणि तो गेला. तुम्ही मला बोलावलंत. "तुला नाचायचं फार नाहीये. चालायचं, उभं राहायचं, आणि तिला उचलायचं. ताकद तुझ्याकडे आहे. बाकी मी बघते." मी त्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "दादा, मी फार जड नाहीये." तिची आई कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली, मांडीवर पाण्याची बाटली. ती हसली नाही. तिच्या जागी मीही हसलो नसतो.

उचलणं असं होतं: ती तीन-चार पावलं धावत यायची, मी तिच्या कमरेला दोन्ही हात लावून तिला सरळ डोक्यावर न्यायचं, हात ताठ, तिथे क्षणभर ठेवायचं, मग उजव्या खांद्यावर बसवायचं. वर गेल्यावर तिने हात पसरायचे आणि लांब कुठेतरी बघायचं, जसं काही खाली कुणी नाहीच. पहिल्याच दिवशी मी तिला वर नेलं. तालमीला थांबलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. "पुन्हा," म्हणालात. दर वेळी पुन्हा. काय चुकतंय ते तुम्ही सांगत होतात, मला ते जमत नव्हतं, आणि तुमचा आवाज दर रविवारी चढत होता.

एका रविवारी मी आलो तर ती मुलगी खाली बघत उभी होती आणि तिची आई तुमच्याशी दबक्या आवाजात बोलत होती. तुम्ही मला सगळ्यांसमोर मधोमध बोलावलंत. तुमच्या ब्लाउजची बाही वर केलीत आणि हात पुढे केलात.

"धर."

"काय?"

"तिला धरतोस तसा माझा हात धर."

मी धरला. तुम्ही मनात काहीतरी मोजत होतात, ओठ हलत होते. मग म्हणालात, "सोड." तुमच्या गोऱ्या, सुरकुतलेल्या हातावर माझी बोटं उमटलेली. तो हात तुम्ही मला दाखवलात, मग सगळ्यांना.

"याला काय म्हणतात?"

"पकड," मी म्हटलं.

"कबड्डीत पकड कशासाठी करतात?"

"समोरचा सुटू नये म्हणून."

"ही सुटून कुठे जाणार आहे? तिच्या दोन्ही कुशी काळ्यानिळ्या झाल्यात. पोरगी बोलली नाही, तिच्या आईने बघितलं." तुम्ही माझ्या उजव्या गुडघ्याकडे बोट केलंत. "यावर भार द्यायची तुला भीती वाटते. म्हणून सगळा जोर बोटांत येतो. वर ती आहे आणि तू वाचवतोयस स्वतःला."

मॅडम, मला आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. मुलगी रडायला लागलेली. "नाही मॅडम, दादांचं तसं काही नाही," असं काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, "मॅडम, मी तुमच्या बॅचमधलं पोर नाही."

"पोर असतास तर सोपं होतं. पोरं पडतात, उठतात. तू पडलास तर तिची मान मोडेल."

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची पानं वाढत होते. एकाने मला हाताला धरून म्हटलं, "अहो, बसा ना, जेवून जा." मी जवळजवळ बसणार होतो.

मी पुढच्या रविवारी आलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी सकाळी मला घरात बघून बायकोला करमेना. पंपिंग स्टेशनवरच्या पोरांनी पंज्यांवर चालून दाखवणं बंद केलं, म्हणजे त्यांनाही कळलेलं. मला वाटत होतं, तुम्ही दुसरा कुणी बघाल. वाटत होतं, बघूही नये.

तुम्ही पंपिंग स्टेशनवर आलात ती दुपारची वेळ, उन्हाने पत्रे तडतडत होते. गेटवरच्या वॉचमनने आत येऊन सांगितलं, "कोणी बाई आल्यात, रिक्षाने. तुमच्याबद्दल विचारतायत." तुम्ही छत्री मिटत आत आलात. पंपांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आम्ही खुणांनीच बोलतो. तुम्ही माझ्याजवळ येऊन ओरडलात, "काम करा तुमचं. मी थांबते." काम करा तुमचं, असं. मला ते "तुमचं" टोचलं. मी फेरी मारत होतो. प्रत्येक मोटरपाशी थांबून तिच्या अंगावर हात ठेवायचा, तापलीय का, थरथर वाढलीय का ते बघायचं. सगळे ऑपरेटर करतात. तुम्ही छत्री काखेत धरून माझ्या मागोमाग येत होतात. तिसऱ्या मोटरपाशी तुम्ही माझा हात मनगटाला धरून तसाच उचललात, पंजा उघडा, बोटं सैल, आणि माझ्या तोंडासमोर आणलात.

"हा हात मला का नाही दिलास?"

"ही मोटर आहे मॅडम," मी ओरडलो. "ही पडत नाही."

तुम्हाला हसू आलं. माझ्यासमोर पहिल्यांदा. आम्ही बाहेर, झाडाखाली आलो. मी चहा मागवला. तुम्ही माफी मागायला आलेल्या नव्हतात, ते मला चहा येईपर्यंत कळलं. तुम्ही म्हणालात, "मी तिला सांगितलं, उचलणं काढून टाकू. नुसता नाच कर. ती म्हणाली, दादांना बोलवा. मी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, मुलीची इच्छा असेल तर. आता तू सांग."

"मी पडलो तर?"

"ते मी बघेन. तू पडायच्या आधी मला कळतं." मग चहाचा कप ठेवत, त्याच आवाजात: "आणि आत्ता उभा आहेस तो सगळा डाव्या पायावर. उजव्यावर ये."

वॉचमन बघत होता. पलीकडे दोन पोरं बघत होती. माझ्या कामाच्या जागी, माझ्या माणसांसमोर. मी रागाने भरलो. आणि उजव्या पायावर आलो. गुडघा थरथरला, मग थांबला. तुम्ही बघत राहिलात तोवर मी तसाच उभा होतो. "रविवारी, आठ वाजता," म्हणालात, आणि छत्री उघडून रिक्षाकडे गेलात.

त्यानंतरच्या तालमी मला वेगवेगळ्या आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांब सकाळ वाटते. हात उघडा ठेवणं काही एका दिवसात आलं नाही. वर नेताना जमायचं, तिथे थांबताना बोटं आपोआप मिटायची आणि तुम्ही लगेच, "बोटं!" तिची आई खुर्ची पुढे पुढे आणत आता आमच्यापासून दोन हातांवर बसायची. एकदा ती मुलगी खरंच घसरली. मी तिला छातीशी घेतलं आणि दोघं खाली बसलो. कुणाला काही झालं नाही. तुम्ही पांढऱ्या पडलेल्या होतात. पाणी प्यायलात, ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, "पुन्हा." आई उठून उभी राहिली. मुलगीच म्हणाली, "आई, बस."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलेलं. माझी बायको आलेली, आई नाही आली. मोहन्यातली पाच-सहा माणसं मागच्या रांगेत हसायची तयारी करून बसलेली, ते मला पडद्याच्या फटीतून दिसलं. मला काळी तंग पँट घालावी लागली त्याची लाज मला पडदा उघडेपर्यंत वाटत होती. तुम्ही विंगेत उभ्या होतात, मोतिया रंगाची साडी, हातात काही नाही. शेवटच्या क्षणापर्यंत बोलत होतात. "खांदा. मान. श्वास धरू नकोस." मला वाटलं, एकदा तरी म्हणाल, होईल नीट. म्हणाला नाहीत.

तेव्हा आमच्याकडे वीज कधीही जायची. नाट्यगृहाला जनरेटर होता, पण तो माणसाने जाऊन चालू करावा लागायचा. ती धावत आली, मी तिला वर नेलं, हात ताठ झाले, तिने हात पसरले असतील, मला दिसत नव्हते. आणि सगळं गेलं. दिवे, पियानो, पंखे. असा अंधार की डोळे उघडे आहेत की मिटलेत कळेना. प्रेक्षकांत "ओ" असा आवाज झाला. तिची आई मोठ्याने तिला हाक मारत होती. कुणीतरी शिट्टी मारली. वर तिचं अंग एकदम कडक झालेलं मला तळव्यांना कळलं, आणि माझी बोटं मिटायला लागली.

"बोटं," तुम्ही म्हणालात.

तुमचा आवाज मोठा नव्हता. एवढ्या गलक्यात तो माझ्यापर्यंत कसा आला कुणास ठाऊक. "बोटं उघड. उजव्यावर ये. अजून. हं." मग तिला, "तू हात खाली आणू नकोस, लांब बघ." ती काय बघणार होती त्या अंधारात! पण तिचं अंग सैल झालं. माझा गुडघा थरथरत होता. "थरथरू दे," तुम्ही म्हणालात, जसं काही तो तुमच्या हातात होता. "श्वास सोड. आता खांद्यावर घे. घाई नको. डावा हात आधी. हं. आता खाली." तिचे पाय लाकडाला लागले तो आवाज मी ऐकला. ती माझ्या हाताला धरून उभी राहिली. मी तिला विंगेत न्यायला निघालो तर तुम्ही म्हणालात, "कुठे चाललात? नाच संपलेला नाही. उभे राहा." आणि आम्ही उभे राहिलो, शेवटी जसं उभं राहायचं होतं तसे, पुऱ्या काळोखात. तुम्ही विंगेतून हळू आवाजात सांगत राहिलात. "खांदा. तुझी मान. टाच आण. हं, तशी." लोक बोलत होते, खुर्च्या वाजत होत्या, कुणी काडी पेटवली ती विझली. कुणालाही काही दिसत नव्हतं आणि तुम्ही आम्हाला दुरुस्त करत होतात.

मग जनरेटर लागला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतली मोहन्याची माणसं उभी राहून ओरडत होती, कबड्डीत ओरडतात तशी. विंगेत आल्यावर मुलगी आईच्या गळ्यात पडली. तिच्या आईने माझा हात हातात घेतला. तुम्ही म्हणालात, "डावा खांदा वर होता."

"अंधारात कसा दिसला मॅडम?"

"तुझा श्वास एका बाजूने येत होता."

त्यानंतरही मी काही वर्षं येत राहिलो. ती मुलगी पुढे शिकायला गेली, नाट्यगृहात पुन्हा तसं काही केलं नाही आपण. तुमचं रागावणं मात्र कमी झालं नाही, आणि मला वाटायचं ते असंच चालेल. मग तुम्ही कॅसेट लावायला विसरायला लागलात. एकदा लहान मुलींना तुम्ही दोनदा तोच धडा शिकवलात. एकदा हॉलला यायच्या रस्त्यावरच चुकलात. क्लास बंद झाला. मी तुमच्या घरी आलो ती दुपार मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, पाठ अजून ताठ. वहिनी म्हणाल्या, "अगं, बघ कोण आलंय. तुझा कबड्डी."

"हो का? बसा, बसा," तुम्ही म्हणालात. "कुठून आलात तुम्ही?"

"मोहन्याहून, मॅडम."

"बरंच लांब. चहा घ्या."

वहिनी आत गेल्या. मी काय केलं माहीत आहे तुम्हाला? मी खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि गुडघे वाकवले. मुद्दाम वाईट. पाठ पुढे सोडली, उजवा गुडघा आत पाडला, पोट सैल टाकलं. तुम्ही एके काळी बघून किंचाळला असतात असं सगळं एकत्र केलं. तुम्ही अगदी लक्ष देऊन बघितलंत. मी वाट बघत होतो. "छान करता हो तुम्ही," म्हणालात. "करत राहा." मी गज सोडला नाही, वहिनी चहा घेऊन आल्या तोवर. त्यांनी मला तसं वाकलेलं बघितलं आणि ट्रे ठेवून पुन्हा आत गेल्या.

तुम्ही गेलात ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता त्यालाही किती वर्षं झाली. माझे केस पांढरे झालेत, पंपिंग स्टेशनवर सगळं बटणावर चालतं. परवा त्या मुलीचा फोन आला. ठाण्यात तिचा स्वतःचा क्लास आहे, तुमच्यासाठी एक छोटा कार्यक्रम ठेवलाय. म्हणाली, "दादा, तुम्ही मॅडमबद्दल बोलाल ना? पाचच मिनिटं." मी हो म्हटलं. काय बोलायचं ते लिहायला बसलो तर हे तुम्हालाच लिहिलं गेलं. हे काही तिथे वाचता येणार नाही, आणि कुठे पाठवायचं तर पत्ता नाही. तिथे मी नाट्यगृहाच्या अंधाराची गोष्ट सांगेन. ती लोकांना आवडते. मोहन्यात मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की पोरांना पाठ आहे. प्रत्येक वेळी मी म्हणतो, जीव घशात आलेला, वाटलं लाइट येतायत की नाही. तिथेही तसंच सांगेन. तिची आई समोर बसलेली असेल. तिला कसं सांगणार की मुलगी खाली उतरली, आम्ही दोघं तसे उभे होतो, तुम्ही खांदा, मान, टाच असं सांगत होतात, आणि जनरेटर लागला तेव्हा मॅडम, मला जरा वाईटच वाटलं.